आत्याची पेन्शन २०१० सालातच का थांबली?

वाईची_लेक
माझी आत्या १९७९ साली नर्स म्हणून इंग्लंडला गेली. ३१ वर्षं लेस्टरच्या इस्पितळांत रात्रपाळ्या केल्या, दर पगारातून नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनसाठीची वर्गणी, कापून दिली. २०१० मध्ये साठीला निवृत्त झाली तेव्हा तिथली पूर्ण मूळ सरकारी पेन्शन आठवड्याला ९७.६५ पौंड होती, ती तिला लागू झाली. त्याच दिवाळीत ती वाईला परत आली, कारण आजीचं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिच्याबरोबर पाळ्या केलेली मैत्रीण लेस्टरलाच राहिली. २०२५ च्या एप्रिलपासून तिला १७६.४५ पौंड मिळू लागले. आत्याला ९७.६५ च. आजच्या भावाने आठवड्याला साधारण नऊ हजार रुपयांचा फरक.

नियम असा आहे: निवृत्त माणूस ब्रिटनमध्ये, युरोपीय संघात किंवा ठरावीक करार असलेल्या देशांत राहत असेल तर पेन्शन दरवर्षी वाढते. अमेरिका, फिलिपाइन्स त्या यादीत आहेत. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका नाहीत. तिथे गेलेल्यांची पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठते. जगभरात असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आहेत.

आणि हे बघा. आत्याला दोन पेन्शनी आहेत. आरोग्यसेवेतल्या नोकरीची पेन्शन वाईतही दर एप्रिलला वाढते. सरकारी पेन्शन तेवढी वाढत नाही. मागच्या उन्हाळ्यात ती तीन आठवडे मैत्रिणीकडे जाऊन आली, तर तेवढ्या तीन आठवड्यांपुरता तिला चालू दर मिळाला! परत आल्यावर पुन्हा ९७.६५. पैसे भरताना, परत गेलीस तर वाढ बंद, असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. ३१ वर्षं भरली ती भरलीच. म्हातारपणी ती कुठल्या गावात राहते यावर तिचा हक्क कमीजास्त का व्हावा?

नितीन_लेस्टर
आत्यांबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. मी इथे १४ वर्षं नोकरी करतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं की आत्यांचे पैसे कुठेतरी साठवून ठेवलेत. तसं नाही. आज माझ्या पगारातून जे कापलं जातं त्यातून आजच्या पेन्शनरांना पैसे जातात. आत्यांनी भरले ते तेव्हाच्या म्हाताऱ्यांना गेले.

आता वाढ कशासाठी असते ते पाहू. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी पेन्शन वाढते. २०२३ च्या एप्रिलमध्ये १०.१ टक्के वाढ झाली, कारण इथे गॅसची बिलं आणि पाव-दूध भडकलं होतं. त्या गॅसच्या बिलाचा वाईशी काय संबंध? शिवाय २०१० मध्ये पौंड सत्तर रुपयांच्या आसपास होता, आज एकशेदहाच्या वर आहे. रुपयांत मोजलं तर आत्यांची पेन्शन वाढलेलीच आहे.

वाईची_लेक
रुपयांत दीडपट-पावणेदोनपट, बरोबर. त्याच काळात आपल्याकडचे भाव दुपटीहून वर गेले. डाळ, औषधं, कामाच्या बाईंचा पगार, सगळं धरा. म्हणजे रुपयांतही ती मागेच पडली.

आणि गॅसच्या बिलाचा हिशेब खरा असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा. फ्लोरिडात उन्हात बसलेल्या पेन्शनरचा लेस्टरच्या गॅसशी काय संबंध? त्याला वाढ मिळते. सीमेपलीकडे टोरांटोत राहणाऱ्याला मिळत नाही. यात महागाईचं तत्त्व कुठे आलं?

अ‍ॅड_सदाशिवपेठ
कायद्याची बाजू सांगते, कारण हे प्रकरण कोर्टात लढून झालंय. अ‍ॅनेट कार्सन या दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या बाईंनी दावा लावला. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) हरल्या, २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही ११ विरुद्ध ६ मतांनी हरल्या. सामाजिक सुरक्षेची व्यवस्था मुळात त्या देशात राहणाऱ्यांसाठी असते, म्हणून बाहेर राहणारा आणि आत राहणारा यांची तुलनाच होत नाही, असं बहुमताचं म्हणणं. नितीन यांचा मुद्दा कोर्टाने उचलून धरलाय, हे मान्य करायला हवं.

पण निकाल लागला म्हणून अन्याय संपतो असं मला वाटत नाही. आपल्याकडे १७ डिसेंबर १९८२ ला नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असं स्वच्छ सांगितलं. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. आपला केंद्र सरकारी पेन्शनर मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन राहिला तरी त्याची महागाईची वाढ थांबत नाही.

निवृत्त_फिटर
ताई, तुमच्या आत्याचं दुःख खरं आहे, पण इथल्या इथे गोठलेल्यांचंही ऐका. मी साखर कारखान्यात ३२ वर्षं फिटर. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतल्या पेन्शन योजनेची, पेन्शन २०१९ ला सुरू झाली, महिना २,९०० रुपये. आजही २,९००. आमच्या योजनेत महागाई भत्ता हा शब्दच नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तिथेच. पंधरा हजारांच्या मर्यादेत पगार धरायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं, हा आमचा हिशेब. किमान पेन्शन साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्यात आमच्या माणसांनी साखळी उपोषण केलं.

मी कुठे परदेशी गेलो नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेत उभा राहतो. अंगठ्याचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. रिक्षाचे दीडशे रुपये जातात.

वाईची_लेक
काका, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आत्याला. ती म्हणाली, "माझ्याआधी यांचं व्हायला पाहिजे." मला मात्र आधी-नंतर मान्य नाही. दोन्हीकडे आकडा एकदा ठरवून मग विसरून गेलेत.

नितीन_लेस्टर
काकांच्या बाबतीत वादच नाही. ते जिथे राहतात तिथलीच महागाई त्यांना भरून मिळत नाही.

पण लढायचंच असेल तर माझ्या मते खरा घाव वेगळ्यांना बसलाय. २०१६ नंतरच्या नव्या नियमात किमान १० वर्षं भरल्याशिवाय एक पेनीही मिळत नाही. पुण्याहून आलेली कितीतरी आयटीतली मुलं पाच-सहा वर्षं भरून परत गेली. त्यांचं सगळंच बुडालं. २०२५ च्या जुलैत भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यासोबत कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्यांना तीन वर्षांपर्यंत इथली कपात माफ करायचं ठरलं. पुढच्यांची सोय झाली. आधी भरून गेलेल्यांचं काय? आत्यांना निदान ९७ पौंड तरी येतात. वाढीचा बोजा मात्र माझ्यासारख्यांच्या पगारावर नको, या मतावर मी ठाम आहे. इथे घरभाडं भरताना जीव जातो.

वाईची_लेक
आत्या नोकरीत होती तेव्हा तिनेही भाडं भरून तेव्हाच्या म्हाताऱ्यांना पोसलं, नितीन. त्या आयटीतल्या मुलांचा मुद्दा मात्र आत्याच्या पत्रात घालते. हो, ती पत्र लिहितेय. परदेशात १५ वर्षं झाली की ब्रिटिश नागरिकाचा मतदानाचा हक्क जायचा, ती अट २०२४ च्या जानेवारीत गेली. आत्याने लगेच नाव नोंदवलं. जुलैच्या निवडणुकीत तिच्या वतीने त्याच मैत्रिणीने लेस्टरला जाऊन मत टाकलं. आता खासदाराला लिहिताना वर मतदार म्हणून लेस्टरचा जुना पत्ता आहे, खाली वाईचा.