जबडा मोडलेल्या फौजीचे अपंगत्वाचे टक्के नुसत्या मोजपट्टीवर ठरवायचे का?

सातारचा पुतण्या
माझे काका हवालदार म्हणून २०१६ ला रिटायर झाले. नोकरीत असताना डोंगरात गाडी घसरली, जबडा दोन जागी मोडला, प्लेटा बसवल्या. ड्युटीवरचीच इजा आहे हे कागदावर मान्य आहे, वाद आहे तो टक्क्यांचा. रिटायर होताना मेडिकल बोर्डानं तोंड किती उघडतं ते पट्टीनं मोजलं आणि १५-१९ टक्के अपंगत्व लिहिलं. २० च्या खाली असलं की डिसॅबिलिटीचा पैसा शून्य, आणि २० लागले की राउंडिंग होऊन थेट ५० टक्के अपंगत्व धरतात, म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के पैसे जन्मभर. एका टक्क्यावर सगळं अडलंय.

आता काकांचं जेवण सांगतो. भाकरी आमटीत कुस्करून अर्धा तास भिजवायची आणि मग चमच्यानं खायची, वरचा पापुद्रासुद्धा चावत नाही. दात घासायला नातवाचा छोटा ब्रश घेतात. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरतात, नाहीतर कानापुढं कळ जाते. लग्नात पंगतीला बसतच नाहीत, "मी मागनं जेवतो" म्हणतात आणि घरी येऊन पेज पितात. माणूस काय खाऊ शकतो हे टक्केवारीत धरायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

माजी नर्सिंग असिस्टंट
भाऊ, काकांबद्दल पूर्ण आदर आहे पण मी विरोधात आहे. पट्टी लावून आलेला आकडा उद्या दुसऱ्या डॉक्टरनं मोजला तरी तेवढाच येतो. "मला चावत नाही" हे मोजणार कसं? बीपी, शुगरवर अपंगत्वाची पेन्शन घेतात म्हणून किती ओरड झाली, २०२३ ला नियम बदलले, आणि अशा वादात नेहमी खरा जखमी माणूसच भरडला जातो. त्यात अजून एक ढिला निकष आणला तर बोर्ड सगळ्यांकडेच संशयानं बघेल.

मिरजेतला दंतवैद्य
आधी स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा, ती बसली तर ठीक. समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर ३५ ते ५० मिमी असतं ते नॉर्मल. पण ते फक्त उघडणं झालं, चावणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझ्याकडं एक पेशंट होता, तोंड ३८ मिमी उघडायचं, पण हाड तिरकं जुळल्यामुळं दाढा एकमेकींवर येतच नव्हत्या, त्याला शेंगदाणा फुटायचा नाही. पट्टीनं बघितलं तर तो धडधाकट. आणि वीस-बावीस मिमीच उघडत असेल तर मागच्या दाढेचं रूट कॅनाल करायला हत्यारच आत जात नाही, उद्या कसलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणारा डॉक्टर आधी नळी कशी घालायची याच्या काळजीत असतो.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सप्टेंबर २०१७ पासून दोन्ही गोष्टी धरतात. तोंड २१ ते २९ मिमी उघडतंय आणि खाण्यावर बंधन नाही तर २० टक्के, मऊ खाणंच चालतंय तर ३०, पातळ आणि वाटलेलंच जातंय तर ४०. मात्र खाण्याचं बंधन डॉक्टरनं लिहिलेलं किंवा तपासलेलं पाहिजे, पेशंटच्या नुसत्या शब्दावर देत नाहीत.

माजी नर्सिंग असिस्टंट
डॉक्टरनं लिहून द्यायचं असेल तर निम्मा आक्षेप मागे घेतो. निम्माच. कारण तिकडं १० टक्क्यांनाही पैसे मिळतात, त्यामुळं एका टक्क्यासाठी कुणी जीव टाकत नाही. आपल्याकडं २० ची भिंत आहे तोवर लिहून देणाऱ्या डॉक्टरवर दबाव येणारच, मी डोळ्यानं बघितलंय. भांडायचं तर त्या भिंतीवर भांडा, जबड्याच्या निकषावर नको.

अपशिंगेची सून
दबावाचं बोलताय म्हणून लिहिते. आमच्या गावातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, घरटी एक फौजी. आमचे सासरे बोर्डापुढं उभे राहिले की "सब ठीक है साहब" एवढंच बोलायचे, गुडघा सुजलेला असायचा तरी. मागणं म्हणजे भीक असं डोक्यात बसलेलं. वाढवून सांगणारे असतील, पण लपवणाऱ्यांचं काय? जेवणाचा प्रश्न फॉर्मवरच छापलेला असला तर निदान उत्तर तरी द्यावं लागेल.

सातारचा पुतण्या
वहिनी, अगदी हेच! काकांना विचारलं की बोर्डात जेवणाचं सांगितलं का, तर म्हणाले "विचारलंच नाही, मग कशाला सांगू". आणि असिस्टंट साहेब, भिंत पडेपर्यंत थांबा म्हणणं सोपं आहे, काका साठीकडं चाललेत.

माजी नर्सिंग असिस्टंट
थांबा म्हणत नाही मी. निकषाबद्दल माझं मत तेच आहे, पण अपील करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कागद कसे लावायचे ते विचारा, अपील फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं, म्हणजे फौजींच्या वादांच्या कोर्टाचं, मुंबईला खंडपीठ आहे. राउंडिंगचा फायदा नोकरीची मुदत पूर्ण करून रिटायर झालेल्यांनाही मिळतो हे सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या राम अवतार निकालात सांगितलंय, पण त्यासाठी आधी २० लागतात. त्यामुळं जबड्याची आजची मापं आणि जेवणाचं बंधन दोन्ही लिहून घ्या.

सातारचा पुतण्या
गुरुवारी काकांना मिरजेला नेतोय. डबा सोबत घेतोय, भिजवलेली भाकरी आणि एक कोरडी. डॉक्टरांच्या समोरच खायला लावतो.