मदत हवी आहे: पोलो जीटीचं ट्यूनिंग कुठून करून घ्यावं? (जळगाव)

एमएच१९_जीटी
नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी. इनटेक (हवा आत घेणारा भाग) झाला, डाउनपाईप (टर्बोनंतरचा धुराचा पाईप) झाला, मागचा सायलेन्सर बदलून झाला. आता नुसतं ट्यूनिंग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, राहिलंय आणि तिथेच घोडं अडलंय. जळगावातला एकजण घरी येऊन तासाभरात त्या सेटिंगची तयार फाईल टाकून देतो म्हणतो, अठरा हजार. पुण्याचा एकजण डायनोवर (गाडी बांधून ताकद मोजायचं मशीन) करतो, त्याचे जवळजवळ दुप्पट, वर जाण्यायेण्याचं डिझेलपाणी वेगळं. आणि मित्र म्हणतो वायरिंगमध्ये जोडायचा ट्यूनिंग बॉक्स लाव नि मोकळा हो. रविवारी मामेभावाच्या लग्नाला नाशिकला जायचंय, त्याआधी उरकायचं आहे. कृपया "कशाला करतोस" हे सांगायला कुणी येऊ नका. कुठून करू एवढंच सांगा.

तापीकाठ
जीटी म्हणजे टीएसआय (पेट्रोल) की टीडीआय (डिझेल)? दोन्ही जीटीच होत्या आणि दोघांचं ट्यूनिंग म्हणजे दोन वेगळे विषय. मॉडेल कितीचं, किलोमीटर किती, आधी कुणी काही टाकलंय का, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

बोदवडचा_बंडू
भावा डोळे झाकून फाईल टाक. माझ्या डिझेलला ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करून रिमॅप, म्हणजे हेच ट्यूनिंग, केला, पिकअप असा आला की पाचवा गिअर टाकायला रस्ता पुरत नाही. एव्हरेजपण वाढला. काळा धूर थोडा येतो पण त्याचीपण मजाच आहे.

एमएच१९_जीटी
टीएसआयच. आणि मी वर "डिझेलपाणी" म्हटलं ते बोलायची पद्धत म्हणून, गाडी पेट्रोल आहे. मागे बॅज दिसतोच की.

तापीकाठ
फोटो कुठे टाकलाय तुम्ही?

सावदा_एक्स्प्रेस
बॉक्सच घ्या. माझ्या साडूच्या गाडीला आहे. दोन सॉकेट काढायची, मध्ये बॉक्स जोडायचा, दहा मिनिटांचं काम. सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री काढून ठेवायचा, कुणाच्या बापाला कळत नाही. फाईल टाकली की गाडीचं डोकं कायमचं दुसऱ्याच्या हातात.

वर्कशॉपवाली_धुळे
सावदा भाऊ, साडूची गाडी डिझेल आहे का? पेट्रोल टर्बोला बॉक्स म्हणजे काय करतो ते सांगते. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाच्या, सेन्सरकडून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जाणारा आकडा तो मध्येच कमी करून दाखवतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून ते टर्बोला अजून हवा भरायला लावतं. पण स्पार्क कधी पडायचा ते जुन्याच हिशेबाने ठरतं, कारण खरा बूस्ट किती आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग इंजिन ठोकायला (इंधन अवेळी पेटायला) लागलं की नॉक सेन्सर ते ओळखतो, स्पार्कचं टायमिंग मागे जातं आणि विकत घेतलेली ताकद तिथेच विरघळते. डिझेलला हा प्रकार थोडाफार चालून जातो, तिथे स्पार्कच नाही.

सावदा_एक्स्प्रेस
पेट्रोलच आहे. बलेनो आरएस. ताई पुस्तकातलं सांगतात, मी रस्त्यावरचं सांगतो. सावदा ते बऱ्हाणपूर केळीच्या ट्रकांना मागे टाकत जातो आम्ही.

वर्कशॉपवाली_धुळे
केळीचे ट्रक बैलगाडीपण मागे टाकते, सावद्याच्या रस्त्यावर.

नियमावर_बोट
विचारलं नाहीत तरी सांगणं कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर जे नोंदलंय त्यापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. उद्या अपघात झाला तर विमावाल्याला हात वर करायला निमित्त मिळतं. शिवाय तुमच्या डाउनपाईपात कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आहे की नाही? नसेल तर पीयूसी कशी काढता?

एमएच१९_जीटी
काका, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना की हे सांगायला येऊ नका. कॅट नाही. पीयूसीचं बघून घेईन.

नियमावर_बोट
"बघून घेईन" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

खानदेशी_पाटलाना_पोऱ्या
भाऊ, नाशिकले लगीनले जानं शे ना, मंग गाडी शे तशीच लई जाय. लगीनमा कोन तुना डाउनपाईप देखाले येवाव शे?

तापीकाठ
😄 पाटील बरोबर बोलले. बरं, धागाकर्त्याने एक सांगावं. डाउनपाईप बसवल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागलाय का?

एमएच१९_जीटी
लागलाय, पण तो सगळ्यांचाच लागतो म्हणे, कॅट काढल्यावर. तिसऱ्या गिअरला तीन हजारांच्या पुढे थोडी अडखळते. फाईलवाला म्हणाला ट्यून केल्यावर जाईल. मॉडेल २०१५, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मी दुसरा मालक. आता झालं का सगळं? फाईल की डायनो?

वर्कशॉपवाली_धुळे
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. अडखळणारी गाडी ट्यून करायला घेणारा माणूस फाईल विकतो, ट्यूनिंग करत नाही.

आधी ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून दोषांचे कोड वाचा. सहाशे-सातशेला मिळणारंही चालेल, नाहीतर कुठल्याही स्कॅनरवाल्याकडे जा. पी०४२० असेल तर तो कॅटचा, तो अपेक्षितच आहे. पण सोबत पी०२९९ असेल तर मागितलेला बूस्ट टर्बोला पोचवता येत नाहीये. म्हणजे एकतर कुठून तरी हवा गळतेय किंवा वेस्टगेट (टर्बोची झडप) नीट बंद होत नाहीये. या स्थितीत स्टेज २ ची (डाउनपाईप बदललेल्या गाडीसाठीची) फाईल टाकली तर ईसीयू टर्बोकडे आणखी बूस्ट मागणार, गळक्या पायपातून तो मिळणार नाही, टर्बो आणखी जोरात फिरणार. फाटलेल्या पिशवीत फुंकत बसल्यासारखं आहे ते.

म्हणून क्रम असा: गळती शोधण्यासाठी इनटेकमध्ये धूर सोडून तपासणी, मग प्लग आणि कॉइल, मग कॉम्प्रेशन. दुसरा मालक म्हणताय तर आधीच्याने काय केलं होतं तेही माहीत नाही. ईसीयूत आज जी फाईल आहे ती कंपनीचीच आहे कशावरून? आणि उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) एअर फिल्टर बसवला असेल तर तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. जळगावात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो, बॉनेटखाली काय होत असेल ते हात लावून बघा. त्याला आडोसा करून बाहेरची हवा द्या, फुकटात फरक पडेल.

एमएच१९_जीटी
कोन फिल्टरच आहे. पण ताई, फाईल की डायनो ते राहिलंच.

पुण्यात_राहणारा_पाचोरेकर
डायनोच. इथे पुण्यात मी डोळ्यांनी पाहिलंय, मशीनवर गाडी बांधून ग्राफ काढतात, आधीचा आणि नंतरचा. जळगावचा माणूस लॅपटॉप लावतो, त्याच्याकडे फक्त वाचायचं-लिहायचं यंत्र असतं. फाईल दूर कुठेतरी बसलेला दुसराच बनवून पाठवतो आणि त्याने तुमची गाडी बघितलेलीही नसते.

जामनेर_डिप्लोमा
डायनो म्हणजे देव नाही. पुण्याच्या हवेत, समोर मोठा पंखा लावून काढलेला ग्राफ आणि औट्रम घाटात रांगेत रखडलेली गाडी यात फरक आहे. तिकडे बसवलेली फाईल मेमध्ये इकडे ठोकणार. मी तर म्हणतो इथल्याच माणसाकडून इथल्याच उन्हात करून घ्या.

पुण्यात_राहणारा_पाचोरेकर
म्हणजे आंब्याच्या सीझनला आंब्याची फाईल आणि थंडीत भरताची फाईल?

वर्कशॉपवाली_धुळे
दोघंही अर्धं अर्धं बरोबर. हवा तापली की टायमिंग किती मागे घ्यायचं आणि बूस्ट किती उतरवायचा याची कोष्टकं ईसीयूत कंपनीने भरलेलीच असतात. चांगला ट्यूनर त्यांना हात लावत नाही. वाईट ट्यूनर ग्राफचा आकडा फुगावा म्हणून तीच सपाट करून टाकतो. मग गाडी जानेवारीत उडते आणि मेमध्ये पिस्टन खाते. त्यामुळे जळगाव की पुणे हा प्रश्न नाही. दोघांना फोन लावून विचारा: फाईल टाकल्यावर लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) बघणार का? लॉगमध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण), इनटेकचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय हे हवं. मूळ फाईल मला कॉपी करून देणार का? दुरुस्ती करावी लागली तर त्याचे पैसे वेगळे का? जो उत्तर द्यायला कुरकुरतो त्याला रामराम. घरबसल्या लॉग पाठवून करून घेतलेलं कामही चांगलं होऊ शकतं, ट्यूनर लॉग वाचणारा असेल तर.

आणि डीएसजी म्हणालात. यात सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा आहे, त्याची टॉर्कची (फिरवायच्या जोराची) मर्यादा २५० एनएम. कंपनीतून गाडी १०५ पीएस, १७५ एनएमची यायची. २५० ला चिकटवून मिरवायचं नसतं, घाटात अर्धवट लागलेल्या क्लचवर सरकताना तोच डबा तापतो. टॉर्क थोडा खाली ठेवा असं स्वतःहून सांगणारा ट्यूनर भेटला तर त्याच्याकडेच जा.

सावदा_एक्स्प्रेस
इतकं सगळं करण्यापेक्षा बॉक्स...

एरंडोल_ई२०
कुणी पेट्रोलबद्दल बोलतच नाहीये. पंपावर आता २० टक्के इथेनॉल येतंय. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ असतं, या मिश्रणाला साधारण साडेतेराला १. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. तीन-चार वर्षांपूर्वी बनवून ठेवलेली तयार फाईल आजच्या पेट्रोलवर कशी चालेल?

जामनेर_डिप्लोमा
लॅम्बडा सेन्सर भरून काढतो ते. आणि इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे ठोकणं कमीच होणार.

एरंडोल_ई२०
भरून काढतो, पण मर्यादेपर्यंत. आधीच पंप आणि इंजेक्टर ताणलेले असतील तर वरच्या आरपीएमला इंधन कमी पडणार. आणि एव्हरेजचं काय? १५ देणारी गाडी आता १३ वर आली.

बोदवडचा_बंडू
म्हणून डिझेल.

शहाद्याचा_शेतकरी
इथेनॉलला नावं ठेवू नका, त्याच्यामुळेच उसाचे पैसे वेळेवर निघतात.

एरंडोल_ई२०
नावं कुणी ठेवली? प्रमाण सांगितलं.

भुसावळ_जंक्शन
एक वेगळा विचार. ट्यूनिंग, डाउनपाईप, पुण्याच्या फेऱ्या यात पन्नास-साठ हजार जाणार. त्यात थोडे घालून नवी १.५ टीएसआय इंजिनची गाडी घ्या. १५० पीएस, २५० एनएम, वॉरंटीसकट.

एमएच१९_जीटी
"थोडे" म्हणजे किती लाख ते पण लिहा.

भुसावळ_जंक्शन
कर्ज मिळतं की.

एमएच१९_जीटी
अपडेट देतो. पी०४२० आणि पी०२९९ दोन्ही निघाले. अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजवाल्याने धूर सोडून बघितला. इंजिनच्या डाव्या अंगाला जो रबरी जोड आहे त्याच्या क्लिपखालून बारीक धार येत होती. क्लिप बदलली, कोड पुसले. आता तिसऱ्याला अडखळत नाही. वेस्टगेटचा दांडा हाताने हलवून बघितला, मोकळा आहे. मग दोघांना फोन केले. घरी येणारा म्हणाला, "लॉग कशाला, पाचशे गाड्या केल्यात." पुण्याच्याने आधी विचारलं की पेट्रोल कुठलं भरता, ९५ ऑक्टेनचं मिळतं का. मग म्हणाला आत्ता येऊ नका, डोंगलचे लॉग पाठवा, आणि कोन फिल्टरला आडोसा केल्याशिवाय मी हात लावणार नाही.

वर्कशॉपवाली_धुळे
मग उत्तर मिळालंच तुम्हाला. लॉग काढताना मॅन्युअल मोडला तिसऱ्यात ठेवा, दोन हजारांपासून वर, पूर्ण थ्रॉटल, पहाटे रिकामा रस्ता बघून. डायनोवर गेलात तर तिथेच काढतील, तेच जास्त बरं. आणि पुण्याला जाण्याआधी नवीन प्लग टाका, प्लगच्या टोकांमधलं अंतर ट्यूनरला विचारून.

सावदा_एक्स्प्रेस
डायनोचा ग्राफ आला की इथे टाका. साडूच्या गाडीशी तुलना करू.

पुण्यात_राहणारा_पाचोरेकर
पुण्याला आलात तर सांगा. येताना कळण्याचं पीठ घेऊन या, इथे मिळतं ते कळण्याचं नाही.

नियमावर_बोट
पीयूसीचं उत्तर अजून आलेलं नाही.

एमएच१९_जीटी
काका, कॅटवाला मूळ डाउनपाईप माळ्यावर आहे. ट्यूनरलाही विचारलं, तो म्हणाला कॅट ठेवूनसुद्धा स्टेज १ (मूळ पाईपवरचं ट्यूनिंग) करता येतं, फरक थोडाच पडतो. तो परत बसवायचा विचार चाललाय. नाशिकला गाडी आहे तशीच नेतोय.

खानदेशी_पाटलाना_पोऱ्या
मी तेच सांगेल व्हतं.

नवीन_सदस्य_चोपडा
माझ्याकडे पण पोलो आहे, साधी १.२ एमपीआय. कॅट नसलेला डाउनपाईप काढलात तर विकणार का? माझ्या गाडीला बसेल ना?

तापीकाठ
तुमच्या गाडीला टर्बोच नाही.

नवीन_सदस्य_चोपडा
मग टर्बो कुठून बसवून मिळेल? जळगावात कुणी करतं का?