एसीचा वारा पारोळ्याजवळ मंदावतो : गॅस भरावा का?

ब-२०३ : सर्वांना नमस्कार. गाडीच्या एसीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. जळगावहून धुळ्याला निघालो की एरंडोलपर्यंत वारा गार आणि भरपूर येतो. पारोळा जवळ आला की ब्लोअर चारवर ठेवूनही तो इतका मंदावतो की जाळीला हात लावल्याशिवाय जाणवत नाही, आवाज मात्र तेवढाच असतो. चहाला थांबून पुन्हा निघालो की काही वेळ सुरळीत चालते. गॅरेजवाल्यांनी काहीही न उघडता गॅस भरायला सांगितले आहे.

क-१०१ : गेल्या उन्हाळ्यात गॅस भरल्यावर माझ्या गाडीचा थंडावा परत आला. आपणही भरून घ्यावा.

अ-४०२ : जिभाऊ, आपल्या गाडीत वारा भरपूर होता पण गार नव्हता, यांच्याकडे वाराच कमी पडतो आहे. या दोन तक्रारी एक समजल्या की खर्च वाढतो. वारा ढकलण्याचे काम ब्लोअरचे असते, गॅसचे नव्हे.

थांबल्यावर वारा परत येतो, यावरून डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइल गोठत असावी. हवेतील ओल कॉइलवर पाणी होऊन खाली ठिबकते. परंतु कॉइलचे तापमान शून्याखाली गेले की तेच पाणी तिच्या पातळ पत्र्यांमध्ये बर्फ होऊन बसते आणि वाऱ्याची वाट बुजते. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हा प्रकार सहसा दिसत नाही, तो पावसाळ्यात उघडा पडतो. वारा मंदावला की एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा. १०-१५ मिनिटांत वारा पूर्ववत झाला, तर बर्फच समजावा.

कॉइल गोठण्याचे सर्वांत स्वस्त कारण आधी पाहावे, ते म्हणजे तुंबलेला एसी फिल्टर. त्यातून पुरेशी उबदार हवा कॉइलवर गेली नाही की ती प्रमाणाबाहेर थंड होते. बहुतेक गाड्यांत डावीकडचा कप्पा उतरवला की फिल्टर हाती लागतो.

ड-३०१ : नाना, आमच्या गाडीत ब्लोअर फक्त चारवरच चालतो. तेही यामुळेच का?

अ-४०२ : नाही ताई. तो बहुधा ब्लोअरच्या रेझिस्टरचा, म्हणजे त्याचा वेग कमी करणाऱ्या भागाचा, दोष आहे. तेवढाच भाग बदलून काम होते, पूर्ण मोटर घेऊ नये.

ब-२०३ : नाना, फिल्टर काढला. घड्यांमध्ये कडुनिंबाच्या काड्या, वाळलेला मोहोर आणि कापसाचे तंतू अडकले होते, त्यांवर उन्हाळ्यातील धूळ पावसाच्या ओलीने चिखलासारखी थापली गेली होती. उजेडासमोर धरला तर पलीकडचे काहीच दिसेना. धुऊन पुन्हा वापरता येईल का?

अ-४०२ : कागदी फिल्टर धुऊ नये, नवा घ्यावा, आणि बसवताना त्यावरील बाण वाऱ्याच्या दिशेने आहे ना ते पाहावे. समोरच्या काचेखालच्या जाळीतील पालाही काढावा, कारण गाडी कडुनिंबाखाली उभी असते आणि बाहेरची हवा तिथूनच आत येते. त्यानंतरही पारोळ्याजवळ वारा मंदावला, तर कॉइल गोठण्याआधी कॉम्प्रेसर थांबवणारा तापमानाचा सेन्सर तपासून घ्यावा. गॅस कमी असला तरीही कॉइल गोठू शकते, म्हणून तोही पाहावा. पण गेज लावून दाब मोजल्याशिवाय गॅरेजवाल्यांना भरू देऊ नये, कारण गॅस जास्त झाला तरीही थंडावा कमी होतो.