मदत हवी आहे: क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडण्यासाठी सोनेतारण, पतसंस्था, बँकेचे हप्ते की पॉलिसी मोडणे?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ चाकणला एका खासगी कंपनीत नोकरी करतो आणि भोसरीत दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या हातात महिन्याला ३८,००० रुपये पडतात. त्याच्या क्रेडिट कार्डावर आज १,८४,००० रुपयांची थकबाकी असून ती कोणत्या मार्गाने फेडावी यावर आमच्या घरात एकमत होत नाही. ज्यांना अशा व्यवहारांचा अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

ही रक्कम कोणत्याही एका मोठ्या कारणाने झालेली नाही. व्यसन नाही, आजारपण नाही, शेअर बाजारही नाही. गाडीचे इंजिनकाम, मित्राच्या लग्नासाठीचा प्रवास, गणपतीला गावी येताना सगळ्यांसाठी केलेली खरेदी आणि एरवीचे पेट्रोल व किराणा एवढ्यावर ती साचत गेली. दर महिन्याला बिल भरायला गेले की ॲपवर संपूर्ण रक्कम, किमान रक्कम आणि आपल्या पसंतीची रक्कम असे तीन पर्याय दिसतात. हा दर वेळी किमान रक्कम भरत असे आणि विलंब शुल्क लागत नाही, म्हणजे सगळे सुरळीत आहे असे समजत असे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड अनेक महिने किंवा वर्षे लांबेल, अशी सूचना प्रत्येक स्टेटमेंटमध्ये छापलेली असते, परंतु ती वाचावी असे तिशीच्या आतल्या मुलाला वाटेल, ही अपेक्षाच मला थोडी भाबडी वाटते.

मी त्याच्याबरोबर बसून शेवटचे स्टेटमेंट ओळीने वाचले. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. १,८४,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ६,४४० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ७,६०० च्या घरात जातो. किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ९,२०० रुपये. याचा अर्थ तो ९,२०० रुपये भरतो तेव्हा मुद्दलातून जेमतेम १,६०० रुपये कमी होतात. शिवाय मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे त्याच कार्डावर पेट्रोल भरले की त्याचेही व्याज त्या दिवसापासूनच सुरू होते. वर्षभर पैसे भरूनही रक्कम का हलत नाही, याचे उत्तर त्याला त्या दिवशी मिळाले.

त्याने काटकसर मनापासून सुरू केली आहे, हे मुद्दाम सांगते. मोटारसायकल खोलीवर ठेवून तो कंपनीच्या बसने जातो, दुपारी कॅन्टीनमध्ये जेवतो आणि संध्याकाळी तिघे मित्र मिळून कुकर लावतात. ओटीटीची वर्गणी बंद केली, रोजचा खर्च वहीत लिहायला घेतला. या सगळ्यातून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास वाचतात. ही शिस्त चांगलीच आहे, परंतु दुसऱ्या बाजूने साडेसात हजार व्याजात जात असताना दात कोरून पोट भरत नाही. मुळातले व्याज कमी करणे हेच पहिले काम आहे, यावर आम्ही दोघे ठाम आहोत. ते कसे करावे, हा प्रश्न आहे.

पहिला मार्ग आईच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज घेण्याचा. सोन्याचा आजचा भाव पाहता एवढी रक्कम सहज मिळेल आणि बँकेने आम्हाला वर्षाला दहा टक्के दर सांगितला आहे. त्याने दोन वर्षांत हप्त्याने फेडायचे ठरवले तर हप्ता ८,५०० च्या आत बसतो. अडचण अशी की आम्हाला सांगितलेली योजना एक वर्षाची आहे, मुदतीअखेर मुद्दल एकरकमी भरायचे आणि ते जमले नाही तर व्याज भरून नूतनीकरण करायचे. आमच्या गावात अशी नूतनीकरणे वर्षानुवर्षे चालवून शेवटी सोने लिलावात गेलेली घरे मला ठाऊक आहेत. आई मात्र तयार आहे आणि तिच्या तयारीमुळेच मला जास्त धाकधूक वाटते.

दुसरा मार्ग माझा. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका असून आमच्या पगारदार पतसंस्थेची सभासद आहे. तेथे ११ टक्के दराने कर्ज मिळेल आणि दोन वर्षांचा हप्ता साधारण ८,६०० रुपये बसेल. हप्ता माझ्या पगारातून परस्पर कापला जाईल आणि भाऊ दरमहा मला पैसे पाठवील. जामीनदार म्हणून शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतील. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि माझ्या भावाच्या खर्चासाठी त्यांना या बंधनात अडकवणे मला जड जाते. यजमानांचे म्हणणे असे की बहिणीने पगार तारण ठेवला तर भावाची काटकसर सहा महिन्यांत सैल पडेल. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

तिसरा मार्ग क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेनेच सुचवला आहे. थकबाकीचे रूपांतर २४ हप्त्यांत करायचे, दर १६ टक्के. हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो, हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी आणि सुरुवातीला प्रक्रिया शुल्क वेगळे. मी गणित केले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तो आज जे ९,२०० रुपये भरतो आहे, जवळपास तेवढ्यातच हे कर्ज दोन वर्षांत पूर्ण फिटते. पतसंस्थेच्या तुलनेत या मार्गाने दोन वर्षांत व्याज आणि कर मिळून साधारण १६,००० रुपये जास्त जातील. एवढ्या रकमेसाठी आईच्या पाटल्या किंवा माझे सहकारी मध्ये आणावेत का, हा माझा खरा प्रश्न आहे. माझा कल हळूहळू तिसऱ्या मार्गाकडे झुकतो आहे, पण मी काही पाहायचे विसरते आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

यातच विमा पॉलिसीचा गुंता आहे. भावाला पहिली नोकरी लागली तेव्हा आमच्या आत्येभावाने, जो विमा एजंट आहे, भावाला २० वर्षांची एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) दिली. वर्षाचा हप्ता २४,००० रुपये, विमा रक्कम साडेचार लाख, सहा हप्ते भरून झाले आहेत. आता ती मोडली तर भरलेल्या १,४४,००० रुपयांच्या साधारण निम्मे आणि वर थोडेफार मिळेल, असे शाखेत सांगितले. दुसरा पर्याय ती पेड-अप करण्याचा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवायचे, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होईल आणि जे काही मिळायचे ते मुदतीअखेर मिळेल. ४२ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना चार-पाच टक्के परतावा देणाऱ्या योजनेत दरवर्षी २४,००० रुपये घालणे मला अयोग्य वाटते. आत्येभावाचे म्हणणे, ‘अर्ध्यावर सोडलेस तर नुकसान तुझेच.’ त्याचे कमिशन त्यात आहे हे खरे, तरी तो सांगतो ते पूर्ण खोटेही नाही. मोडावी की पेड-अप करावी?

भर: काही सदस्यांनी विचारलेल्या गोष्टींची उत्तरे येथे एकत्र देते.

मोबाइलचा हप्ता या रकमेत नाही. तो वेगळा ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घेतलेला असून आणखी चार महिने २,९०० रुपये जायचे आहेत. त्यात व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली होती, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क लागलेच, हेही बिल पाहिल्यावरच समजले. हा हप्ता संपला की तेवढी रक्कम थकबाकीकडे वळवण्याचे ठरले आहे. अर्थात हप्त्यांत रूपांतर केल्यावर मुदतीआधी जादा भरणा केला तर शुल्क लागते का, हे बँकेकडून लेखी घ्यावे, ही सदस्यांनी केलेली सूचना मी लिहून ठेवली आहे.

‘सेटलमेंट’ करून कमी रकमेत मोकळे व्हावे, असे दोघांनी सुचवले. त्याने अद्याप एकही किमान भरणा चुकवलेला नाही, आणि सेटलमेंट केल्यास पतअहवालात खाते ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असे दिसते. पुढे घरासाठी कर्ज घ्यायचे झाल्यास ती नोंद आडवी येईल, म्हणून तो मार्ग आम्ही विचारात घेतलेला नाही.

आईची महिला मंडळात दोन हजारांची भिशी आहे, दहा जणींची, आणि या खेपेला तिचा नंबर लागण्याची शक्यता आहे. ते २०,००० रुपये द्यायला ती तयार आहे. पुढचे हप्ते तिला भरावेच लागतील, त्यामुळे हेही एक प्रकारचे उसनेच, फक्त बिनव्याजी. रूपांतर करण्याआधी हे वीस हजार कार्डात भरून रक्कम १,६४,००० वर आणावी की अडीअडचणीसाठी भावाच्या बचत खात्यात ठेवावे? त्याच्याकडे आज शिल्लक काहीच नाही, आणि उद्या एखादा दवाखान्याचा खर्च आला तर तो पुन्हा कार्डच काढील, ही माझी भीती आहे. पॉलिसीचा हप्ता या महिनाअखेरीस भरायचा असल्याने निदान त्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.