दुचाकी पार्किंग: शुल्काआधी जागेचं बघा

दुचाकीलाही मोटारीएवढंच पार्किंग शुल्क लावा, हे मला अजिबात पटत नाही. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा स्कूटर आरामात मावतात, तेव्हा शुल्क व्यापलेल्या जागेवर ठरावं. सरसकट फुकटही नको. पॅरिसने सप्टेंबर २०२२ पासून पेट्रोलच्या दुचाकींना शुल्क लावलं, विजेवरच्यांना सूट दिली. तो मार्ग मला योग्य वाटतो.

पण खरी अडचण जागेची आहे. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे मोटार उभी असली की तिच्याआडून रस्त्यावर येणारं लहान मूल चालकाला दिसतच नाही. तिथे मोटारींना मनाई करून दुचाकींचे पट्टे आखावेत. दुचाक्या बुटक्या, त्यांच्यावरून बरंच दिसतं. जमीन मात्र काँक्रीटची हवी. उन्हाने डांबर मऊ झालं की साइड स्टँड रुततो आणि एक गाडी कलली की शेजारची चार आडवी! साखळी अडकवायला लोखंडी दांडाही हवाच.

कागदी पावती तर बंदच करा. उघड्या गाडीवरून ती उडते, मग दंड मालकालाच. गाडीच्या नंबरवर पैसे भरता यावेत.

आणि हे तळ छोटे पण जवळजवळ असू द्या. लांब असले की लोक गाडी फुटपाथवर चढवणारच.