टँकर, आर्सेनल आणि पितृपंधरवड्यातला फोन

सोसायटीचा ग्रुप, बालेवाडी, पुणे
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

सेक्रेटरी (ए १०२), सकाळी ७.१०
सर्वांना घटस्थापनेच्या शुभेच्छा. काल रात्री सव्वादहाला टँकर आला होता. बी विंगच्या रॅम्पसमोर पांढरी गाडी आडवी उभी असल्याने पाइप टाकीपर्यंत पोचला नाही. गाडीमालकांना मी ११ फोन केले, वॉचमनने ६. ड्रायव्हर ११ पर्यंत थांबून परत गेला. दुसरा टँकर ९ वाजता येईल. तोवर पाणी जपून वापरावे.

पाटील वहिनी (बी १०१)
जपून म्हणजे काय? नळाला नुसती हवा येतेय. आज घट बसवायचेत आणि कलशात बिसलेरी ओतायची का?

नाना (ए ३०४)
पांढरी गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घ्यायला लाजू नका.

सेक्रेटरी
बी ७०४.

डॉक्टर ताई (ए ५०१)
मंदार घरात नव्हता का?

नाना
घरात होता. आपण सगळे क्लबहाउसमध्ये भारत-पाकिस्तान बघत होतो. आपली विकेट पडली, सगळे गप्प. आणि तेवढ्यात सातव्या मजल्याच्या गॅलरीतून आरोळी आली. शेजारचे काका मला विचारतात, हा माणूस नक्की कुणाकडून?

मंदार (बी ७०४), ७.३८
सगळ्यांची माफी मागतो. चूक माझी. आत्ता खाली जाऊन गाडी काढतो. फोन वाजलाच नाही कारण तो फोकस मोडवर होता. मी पाकिस्तानच्या बाजूने ओरडलो नाही, आर्सेनलच्या, म्हणजे माझ्या लंडनच्या फुटबॉल टीमच्या बाजूने ओरडलो. रात्री ९ ला मँचेस्टर सिटीशी सामना होता. नवव्या मिनिटाला सिटीच्या हालांडने गोल मारला आणि तिथून ९३ व्या मिनिटापर्यंत १-० ने मागे. मग मार्टिनेलीने बरोबरी केली.

पाटील वहिनी
बरोबरी? म्हणजे जिंकलासुद्धा नाहीस?

मंदार
नाही वहिनी. १-१.

पाटील वहिनी
बरोबरीवर एवढा दंगा. आमच्या कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे संघ समोरासमोर आले तरच असला आवाज ऐकलाय मी. पण तिथं माणसं मैदानात असतात रे, गॅलरीत एकटी नसतात.

खजिनदार (सी ५०३)
फोकस मोड कशाला लावला? टँकरचा दिवस होता हे ग्रुपवर दोनदा टाकलं होतं.

मंदार
सांगतो. टीव्ही बिघडलाय, म्हणून फोनवर बघत होतो. पहिल्या हाफमध्ये वर पट्टी आली, "गोल! हालांड ९'". आणि माझ्या पडद्यावर तेव्हा चेंडू अजून मधल्या रेषेजवळ. म्हणजे आता गोल बसणार हे माहीत असून तो मला बघत बसावा लागला. भविष्य कळणं किती वाईट असतं ते त्या अर्ध्या मिनिटात कळलं. म्हणून सगळी नोटिफिकेशन्स बंद केली. त्यात तुम्हीही बंद झालात.

सुमित (ए ७०१)
हे असंच होतं. अ‍ॅपवर थेट प्रक्षेपण काही सेकंदांचे तुकडे करून येतं आणि मध्ये अडकू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे आधी साठवून ठेवतो. डिशपेक्षा अर्धा मिनिट मागे पडतं कधीकधी. स्कोअरची पट्टी म्हणजे चार अक्षरं, ती लगेच पोचते. फोन कितीही भारी घ्या, फरक पडत नाही.

नाना
फोन भारी आहे का? कुठला घेतला?

मंदार
आयफोन १७.

नाना
कधी?

मंदार
शुक्रवारी. १९ ला विक्री सुरू झाली त्याच दिवशी.

नाना
पितृपंधरवड्यात?

डॉक्टर ताई
नाना, सकाळी सकाळी नको.

नाना
मी काही बोलत नाही. फक्त तारखा वाचतो. शुक्रवारी पक्षात फोन. रविवारी सर्वपित्री अमावास्येला सामना. नवव्या मिनिटाला गोल. तीन दिवस थांबला असतास तर आज घट बसले असते, आज आणता आला असता.

मंदार
नाना, जुना फोन पितरांना विचारून बंद पडत नाही. २०२१ चा होता. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली होती. फुटबॉल बघताना मैदान हिरवंच, म्हणून वर्षभर चालवून घेतलं. पण जूनपासून कीबोर्डची उजवीकडची अक्षरं उमटेनाशी झाली. बँकेचा ओटीपी बोलून टाकता येत नाही हो.

पाटील वहिनी
तरीच! मला वाटायचं हा प्रत्येक मेसेजच्या शेवटी "पूर्णविराम" असं का लिहितो. गणपतीत "आरती साडेसातला आहे पूर्णविराम प्रसाद आणावा पूर्णविराम" 😂 आमचे हे म्हणाले, शाळेत मराठी शिकवतो का?

खजिनदार
८२,९०० ना? आजपासून ३२ इंचावरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फोनचा होता तोच १८. त्या पैशात टीव्ही आला असता, डिश लावली असतीस, गोल सगळ्यांच्या आधी दिसला असता आणि फोन टँकरसाठी मोकळा राहिला असता.

अथर्व (सी ३०१)
मंदारदादा, आमच्या लिव्हरपूलने लीगमध्ये ५ पैकी ५ जिंकले. गुण १५. तुमचे १०. फक्त सांगितलं.

मंदार
तुझी दहावी आहे ना यंदा? आणि तुमच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, तुम्ही आमच्याशी एका फ्री किकने जिंकलात. तुमचा सोबोस्लाय पुन्हा तिथून मारून दाखवू दे.

नाना
मला एक समजत नाही. कुठलं ते लंडन. तुझं तिथे कोण आहे? इथे हाकेच्या अंतरावर बालेवाडी स्टेडियम आहे, तिथली टीम का धरत नाहीस?

मंदार, ८.०५
नाना, धरली होती. एफसी पुणे सिटी. २०१४ ला आयएसएल, म्हणजे आपली फुटबॉल लीग, सुरू झाली तेव्हा मी चालत जायचो मॅचला, येताना वडापाव खाऊन. २०१९ ला टीमनेच गाशा गुंडाळला. त्या जागी हैदराबादला टीम निघाली. माझ्याकडे केशरी-जांभळा स्कार्फ अजून आहे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. आणि या वर्षी तर आयएसएलच अडकलीय. फेडरेशन आणि चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपतोय म्हणून जुलैत हंगाम थांबवून ठेवला. लोकांना आपण चॅम्पियन होऊ का ही चिंता असते, आपल्याकडे हंगाम होईल का ही चिंता.

आता आर्सेनलचं. २००३-०४ ला इंग्लंडच्या लीगमध्ये ३८ सामन्यांत एकही हरले नाहीत. २६ जिंकले, १२ बरोबरीत. मी तेव्हा नववीत. कॅरमच्या स्ट्रायकरवर स्केचपेनने १४ लिहिलं होतं, आमच्या ऑन्रीचा नंबर. मला वाटलं, हे आता दरवर्षी होणार. त्यानंतर आजपर्यंत एकदाही लीग नाही. मधली १०-१५ वर्षं तर आशा पण नव्हती, ते बरं होतं. त्रास सुरू झाला २०२२ पासून. त्या हंगामात २४८ दिवस पहिल्या नंबरवर होतो, शेवटी सिटीने नेली. पुढच्या वर्षी आमचे गुण ८९, सिटीचे ९१. मागच्या वर्षी अथर्वची टीम. ओळीने तीनदा दुसरे. शाळेत तीनदा दुसरा आलेल्या मुलाचं घरात कौतुक तरी होतं.

यंदा मात्र मला खरंच वाटतंय. योकेरेस आलाय, १४ नंबर त्यालाच दिलाय, म्हणजे बघा. झुबिमेंडी आलाय. एझे आलाय, ज्याला याच क्लबने तेराव्या वर्षी घरी पाठवलं होतं. काल तो दुसऱ्या हाफमध्ये उतरला आणि ९३ व्या मिनिटाला त्यानेच बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू टाकला, मार्टिनेलीने गोलकीपर पुढे आलेला बघून वरून अलगद उचलला. डोनारुम्मा साडेसहा फुटी माणूस आहे. त्याच्या डोक्यावरून. आणि हे सगळं कोणाविरुद्ध? सिटीचा कोच गार्डिओला याच्याविरुद्ध, ज्याच्या टीमकडून चेंडू काढून घेणं म्हणजे आमच्या आईकडून रिमोट काढून घेणं. काल तो अख्खी टीम गोलसमोर बसवून होता. दोन तृतीयांश वेळ चेंडू आमच्याकडे. त्याच्या एवढ्या वर्षांच्या लीगमध्ये त्याच्या टीमकडे इतका कमी चेंडू कधी नव्हता. तो आम्हाला घाबरला. बरोबरीत सुटला तरी घाबरला हे मी पाहिलं. म्हणून ओरडलो.

खजिनदार
तीन वर्षं दुसरे येणाऱ्यांना घाबरला म्हणे.

डॉक्टर ताई
मला आवडलं हे. रिमोटचं विशेष.

पाटील वहिनी
मंदार, पाणी.

मंदार
गाडी काढली वहिनी. आता टँकर थेट आत येईल. आणि हो, इंटरकॉम गणपतीपासून बंद आहे. तो चालू असता तर वॉचमनला मला खालून हाका माराव्या लागल्या नसत्या. तेही मिनिट्समध्ये घ्या.

सेक्रेटरी
कोटेशन मागवले आहे. विषयांतर नको. आणि वॉचमन वर येऊन बेल वाजवून गेला.

मंदार
कानात हेडफोन होते. ती चूक मान्य.

नाना
सगळ्यात मोठी गोष्ट राहिली. तुझा नवस होता ना? लीग जिंकेपर्यंत फोन बदलणार नाही म्हणून. तळ्यातल्या गणपतीला बोलला होतास, मला स्वतः सांगितलंस लिफ्टमध्ये. मोडलास की.

मंदार
नाना, ते नका काढू. शुक्रवारपासून मी तोच विचार करतोय. काल ९२ व्या मिनिटापर्यंत तर खात्रीच होती की हे माझ्यामुळे होतंय.

पाटील वहिनी
मग काय! नवस मोडला की असंच. आमच्या गावात एकानं बोकड कबूल केला आणि कोंबडीवर भागवलं, सहा महिन्यांत म्हैस गेली.

सुमित
वहिनी 😂

वकील ताई (सी २०२), ८.३१
एक मिनिट. मी ग्रुपमध्ये शोधलं. २६ डिसेंबर २०२२ चा मेसेज सापडला. शब्दशः असा आहे: "आर्सेनल लीग जिंकेपर्यंत मी नवीन फोन विकत घेणार नाही. गणपतीला सांगून आलोय." इथे कर्ता "मी" आहे. क्रिया "विकत घेणे" आहे. वापरण्याबद्दल एक शब्द नाही. मंदार, बिल कोणाच्या नावावर आहे?

मंदार
रश्मीच्या. तिच्या क्रेडिट कार्डावर कॅशबॅक होता, ईएमआय पण तिच्याच कार्डावर.

वकील ताई
मग नवस शाबूत आहे. तू फोन विकत घेतलेला नाहीस. तू दुसऱ्याचा फोन वापरतो आहेस. नाना, तुमचं काय म्हणणं?

नाना
कायद्याने ठीक. गणपतीला कायदा चालतो का ते बघावं लागेल. पण शब्द शब्द आहे. मला पटलं.

मंदार
ताई, तुमचे उपकार कसे फेडू! म्हणजे यंदा आपला चान्स आहे!!

अथर्व
५ गुणांचा फरक आहे दादा.

मंदार
अरे ३३ सामने बाकी आहेत! कॉर्नर मिळाला की बघ नुसता. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, कॉर्नरवरच जिंकलो. घरी मी कॉर्नरला उभाच राहतो.

रश्मी (बी ७०४), ८.४४
नमस्कार मंडळी. मी सर्वपित्रीसाठी माहेरी आले होते, आत्ता सगळं वाचलं. वकील ताई, म्हणजे कायद्याने फोन माझा, बरोबर?

वकील ताई
बिल तुझ्या नावावर असेल तर, हो.

रश्मी
छान. माझ्या फोनचा कॅमेरा गेल्या दिवाळीत पडून फुटला, तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं होतं. रविवारी सोसायटीचा भोंडला आहे, फोटो मलाच काढायचे असतात. मंदार, संध्याकाळी सिम काढून ठेव.

मंदार
रश्मी, फोनवर बोलू.

रश्मी
कुठल्या?

पाटील वहिनी
😂😂😂

खजिनदार
नवस शाबूत, फोन गेला.

नाना
आता मात्र तू जिंकणार बघ. त्याग लागतो.

सेक्रेटरी, ९.१२
टँकर आला आहे. रॅम्प मोकळा आहे. अर्ध्या तासात पाणी चालू होईल. रविवारी २८ तारखेला भोंडला संध्याकाळी ६ ला. क्लबहाउसमध्ये रात्री ८ पासून आशिया कपची फायनल दाखवली जाईल. कृपया दुसरी मागणी करू नये.

अथर्व
रविवारी ९ ला न्यूकॅसल विरुद्ध आर्सेनल पण आहे. फक्त सांगितलं.

सेक्रेटरी
कृपया दुसरी मागणी करू नये.

मंदार (बी ७०४), रात्री ८.५०
रविवारी गाडी बाहेर रस्त्यावर लावतो पूर्णविराम टँकर आला तर मिस कॉल द्या स्वल्पविराम हा फोन सायलेंट होत नाही पूर्णविराम गोल झाला तर कोणी ग्रुपवर टाकू नका उद्गारचिन्ह