मदत हवी आहे: जुनी लेन्स ठेवू की महागडी नवी घेऊ?

नमस्कार मंडळी, मी जळगावात लग्नाचे फोटो काढतो. मागच्या दिवाळीत कॅननची मिररलेस (आत आरसा नसलेली नव्या पद्धतीची) कॅमेरा बॉडी घेतली. लेन्स मात्र जुनीच, कॅननच्या आधीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीची ईएफ ७०-२०० एफ/२.८ झूम, अ‍ॅडॅप्टर (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) लावून चालवतोय. अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे फोटोत काही फरक पडत नाही. रबर ग्रिप सैल झालीय आणि बॅरलच्या खाचेत हळद बसलीय, ती काही निघत नाही.

आता तीच झूम पण मिररलेससाठी बनवलेली, आरएफ ७०-२०० एफ/२.८, घ्यायचा विचार आहे, पण किंमत विचारली आणि गप्प बसलो. वजन कमी हे खरं: जुनी दीड किलोच्या आसपास, नवी १०७० ग्रॅम. मे महिन्यात भुसावळच्या मांडवात सहा तास उभं राहिल्यावर त्या चारशे ग्रॅमची किंमत खांद्याला कळते! पण गिऱ्हाईक वजनाचे पैसे देत नाही. "भाऊ, अल्बम धरून किती?" एवढंच विचारतं.

दुसरी अडचण म्हणजे थंडीत मी रानपिंगळ्याचे (छोट्या घुबडाचे) फोटो काढायला यावलच्या जंगलात जातो. जुन्या लेन्सला एक्स्टेंडर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) बसतो. २०१९ च्या आरएफला तो बसतच नाही, आणि ज्या नव्या मॉडेलला बसतो ते आणखी महाग.

सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्या लेन्स कंपन्यांना आरएफ लेन्स बनवायची कॅननकडून २०२४ मध्ये परवानगी मिळाली, पण ती छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरती. माझी बॉडी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची.

ज्यांनी बदल केलाय त्यांनी सांगा: मांडवातल्या कमी उजेडात फोकसमध्ये खरंच फरक जाणवतो का? आणि जुनी लेन्स आत्ताच विकावी का? धुळे-नंदुरबारकडे कुणाकडे नवी असेल तर एक दिवस हाताळायला मिळेल का? चहा-भरीत माझ्याकडून.